घसरगुंडीखालची वाळू

मलकपेठ, हैदराबाद
गुरुवार, १३ नोव्हेंबर

इंदुताई विहीणबाईंना त्रिवेणीचा नमस्कार.

नमस्कार घ्या, पण फोन का उचलत नाही ते आधी सांगा. आठवडा झाला करतेय. वर पल्लवीला म्हणता, "तुझ्या आईला आमच्या घरात नाक खुपसायची लई हौस." आहे हौस. लेक दिलीय तिथं. चौथी शिकलेली बाई पत्र लिहायला बसली म्हणजे किती परेशान असेल, तुम्हीच बघा. पोस्टानं टाकतेय. पल्लवीच्या हाती दिलं असतं तर तुमच्यापर्यंत आलंच नसतं.

तुमच्या बादशाबद्दल बोलायचंय. लगेच कागद फाडू नका. कुत्रं हाकला म्हणत नाही. एकनाथरावांनी पिल्लापासून वाढवलेलं, ते गेल्यावर तुमच्या पायाशी तेच बसतं, मला कळतं. म्हणूनच घरातले सगळे तुमच्यापुढं तोंड शिवून बसलेत.

तुम्ही त्याला कॉलनीच्या पार्कात नेता. घसरगुंडीखालच्या वाळूत तो शी करतो आणि तुम्ही चपलेनं वाळू ओढून झाकता. मला म्हणाला होतात, "बाकीचे तसंच टाकून जातात हो. आमच्या ह्यांची शेतकऱ्याची सवय, मातीत गेलं की माती." मीही मान हलवली होती. शेणाची होते माती. ह्याची होत नाही.

गौरीला चष्मा लागणार, असं तुम्हाला सांगितलंय ना?

दसऱ्याला पोरगी माझ्याकडं होती. उजव्या डोळ्यावर पुरी धरून खेळत होती. म्हणाली, "आज्जी, साडी दिसते. तुझं तोंड कुठं गेलं?" मी हसले. मग तिनं पुरी डाव्या डोळ्यावर धरली. "आलं!"

दवाखान्यात मी बरोबर होते. डॉक्टरनं विचारलं, घरात कुत्रं आहे का? ओंकारराव म्हणाले, "नहीं सर." मी म्हटलं, "है डॉक्टरसाब, इनो झूट बोलरे." जावयाला भर दवाखान्यात खोटं पाडलं. तेव्हापासून पल्लवी माझ्याशी धड बोलत नाही.

कुत्र्याच्या पोटातल्या जंतांची अंडी असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. वाळूतून पोरांच्या हाताला, हातातून तोंडात. मग किडा अंगभर फिरतो. गौरीच्या डाव्या डोळ्यात गेला. मी विचारलं, पण आमच्या विहीणबाई झाकतात ना? डॉक्टर म्हणाला, "अम्मा, ताजी उठाके कचरे में डाले तो कुछ नै. रेत में दबाए तो अंडे वहींच पकते, महीनों रहते."

चष्म्यानं काही होणार नाही, इंदुताई. त्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलं. औषधानं सूज उतरेल, गेलेलं परत येणार नाही. हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही.

मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. पण गौरीची धाकटी बहीण अजून रोज संध्याकाळी तुमचंच बोट धरून त्या वाळूत जाते, आणि दोन वर्षांचं पोर, दिसेल ते तोंडात घालतं. पल्लवी काहीतरी निमित्त काढते. तुम्ही म्हणता, "खेळू दे गं."

धाकटीला वाळूत नेणं आजपासून बंद. तिचं रक्त तपासायचंय, त्याला हो म्हणा. तुम्ही म्हटल्याशिवाय ओंकारराव हलत नाहीत. बादशाला जनावरांच्या डॉक्टरकडं नेऊन जंताचं औषध पाजा, आणि घाण पिशवीत उचलत जा. त्याला धरायला माणूस लागलं तर मी येते. कुत्र्याची भीती वाटते मला, तरी येते.

आणखी एक. त्या वाळूत दुसऱ्यांचीही पोरं खेळतात. त्यांच्या आयांना तुम्ही स्वतः सांगा, वाळू बदलायला लावा. तुमच्या तोंडून गेलं तर तुमची इज्जत राहील.

पत्र शनिवारपर्यंत मिळेल. सोमवारी दुपारपर्यंत मला फोन आला पाहिजे, ओंकाररावांचा नाही, तुमचा. नाही आला तर संध्याकाळी मी पार्कात येऊन उभी राहते आणि एकेका आईला सांगते. मग विहीण कोण, जावई कोण, बघणार नाही.

तुमच्याइतकीच गौरीची आजी,
त्रिवेणी