पदर आणि कोयता

मस्कत

आईस नम्रताचा पाया पडून नमस्कार.

फोनवर तू मला बोलू देत नायस, म्हणून लिहिते. डोक्याचे टाके सुकले का गो? आमी बरी आहोत.

तू आटगावला एकटी, म्हणून आमी इथून बघायला बोलणारा कॅमेरा लावला. त्यातच तो चोर दिसला. तू कोयत्याने त्याचा पंजा फाडलास, भिंतभर रक्त उडालं. पळाला समजून तू वळलीस, तर तो फावडं घेऊन मागं!

"आई, मागं बघा!" तुझे जावई कॅमेऱ्यातून ओरडले. आणि जावयाचा आवाज ऐकून तू कोयता टाकून डोक्यावर पदर घेतलास! त्याच पदरावर त्या मेल्याने फावडं घातलं. शेजारचे रघूकाका धावले म्हणून वाचलीस.

हे तेव्हापासून नीट जेवत नायत. म्हणतात, "आईंना लिही, माझा मान ठेवायचा असेल तर कोयता सोडू नका."

तुझ्यावर चिडलेली,
नम्रता