चंद्रीस सोडण्याचा अधिकार कोणाचा

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तालुका कचेरी.

अर्जदार: नर्मदाबाई, वय अंदाजे पन्नास, राहणार मौजे कवडेपूर.

विषय: चंद्री ही म्हैस आहे की विद्यार्थिनी, याचा निकाल मिळणेबाबत.
संदर्भ: कोंडवाड्याचे अधिकार वर्ग करण्याचा गाव कमिटीचा ठराव, दसऱ्याआधीचा.

मेहेरबान साहेब,

अर्जदाराची लेक शालूबाई बाळंतपणास माहेरी आली. तिला पोरगी झाली, पण अंगावर दूध उतरले नाही. ते लेकरू चंद्री म्हशीच्या दुधावर आहे, हे साहेबांनी आधी ध्यानी घ्यावे, म्हणजे पुढील तकलीफ समजेल.

१. दसऱ्यानंतर चंद्री दावे तोडून कमिटीचे अध्यक्ष उकंडराव यांच्या तुरीत शिरली. ही चूक अर्जदारास कबूल आहे. रखवालदार भीमसिंग याने तिला कोंडवाड्यात घातली, तेही बराबर आहे. दुसऱ्या दिवशी अर्जदार तिला सोडवण्यास गेली, तेव्हा तो म्हणाला, "बाई, कोंडायचा हुकूम हाय मला. सोडायचा अधिकार कमिटीनं शाळेकडं वर्ग केला."

२. अर्जदार उकंडरावांच्या ओसरीवर गेली. त्यांनी खुलासा केला की, जनावर कोंडताना कोणी दारी येत नाही, सोडण्यासाठी मात्र गाव येऊन बसते आणि जेवूही देत नाही. शाळेची व कोंडवाड्याची भिंत एकच, म्हणून सोडण्याचा अधिकार शाळेस दिला. शाळेस विचारले होते काय, असे अर्जदाराने विचारले. ते म्हणाले, "देणाऱ्यानं इचारायचं असतं व्हय?"

३. हेडमास्तर व्यंकटराव सज्जन आहेत, पण नियमापुढे त्यांना काही दिसत नाही. ते म्हणाले, "माझ्याकडून जो सुटतो, तो दाखल्यावर सुटतो." पटावर नाव नसता दाखला देता येत नाही, सबब त्यांनी चंद्रीचे नाव पहिलीच्या पटावर घातले. जन्मतारीख विचारली. जोंधळा निसवला होता तेव्हाची, असे अर्जदाराने सांगितले व त्यांनी तसेच लिहिले. नाव चढल्यावर म्हणाले की, आता तीन महिने हजेरी भरल्याशिवाय दाखला नाही.

४. चंद्री कोंडवाड्यातून शाळेच्या खिडकीत तोंड घालून तीन महिने शिकली. नाव पुकारले की हंबरे. धार काढण्यास फाटक उघडणे म्हणजे सोडणे होईल, असे भीमसिंगचे म्हणणे. वर्ग चालू असता मुलीस हात लावू नये, असे हेडमास्तरांचे. अखेर अर्जदार रोज मधल्या सुट्टीत चरवी घेऊन शाळेच्या खिडकीतून कोंडवाड्यात उतरत असे. या वयात, नऊवारीत, सगळ्या वर्गासमोर. साहेबांनी कल्पना करावी.

५. तीन महिन्यांनी 'वर्तणूक शांत, हजेरी पूर्ण, दुसरीत बसण्यास लायक' असा दाखला मिळून चंद्री घरी आली. त्या दिवशी लेकरू पोट भरून प्याले व झोपले. शालूबाई हसली, पुष्कळ दिवसांनी.

६. परंतु दाखल्यावर 'विद्यार्थिनी' असे लिहिले आहे. उकंडराव म्हणतात, "पोरगी सुटली, पर जनावर कुठंय?" कोंडवाड्याच्या वहीत एक म्हैस अद्याप आत आहे. भीमसिंग रोज सकाळी दावे घेऊन येतो. "काहून छळून राहिला रे?" असे विचारले तर मान खाली घालतो, ताक पितो आणि जातो. त्याचीही नोकरी आहे. तो गेला की हेडमास्तर येतात. शाळेत मुली अवघ्या चार, त्यात पूर्ण हजेरीची ही एकटी. हुशार पोर घरी बसवू नका, अशी ते विनवणी करतात. ते खरोखर कळवळून बोलतात, म्हणून अर्जदारास त्यांना हाकलताही येत नाही.

सबब विनंती की, चंद्री जनावर आहे की विद्यार्थिनी, हे साहेबांनी एकदाचे ठरवावे. काहीही ठरले तरी अर्जदारास चालेल, फक्त धार घरी काढू द्यावी. आणि हात जोडून एवढेच मागणे की, हा निकाल साहेबांनी स्वतः द्यावा. हा अधिकार पुढे कोणाकडे वर्ग करू नये.

साहेबांच्या निकालाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
नर्मदाबाई
(डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार: संतराम, अर्जनवीस
१० फरवर्दी १३५५ फसली

सोबत:
१. कमिटीच्या ठरावाची नक्कल
२. शाळेचा दाखला, अस्सल (एक कोपरा खुद्द विद्यार्थिनीने खाल्लेला)