नावांचे अर्थ सांगून मिळतील

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. (वाकताना कमरेतून जो आवाज आला तो पत्रात पोचणार नाही, हे बरंच.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला थांबला का? माझं उत्तम चाललंय. 

गेल्या महिन्यात रद्दीवाल्याकडे नावांच्या अर्थांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. निवृत्त माणसाला कुणी काही विचारत नाही, तेव्हा आपणच विचारण्याजोगं व्हावं म्हणून मी ते पाठ केलं आणि खाली लिफ्टशेजारी पाटी लावली : 'नावांचे अर्थ व उगम सांगून मिळतील. वेळ चार ते सहा. चहा आमच्याकडून.' पहिल्या आठवड्यात दोन माणसं आली. त्यातला एक पाण्याचं मीटर बघायला आला होता. दुसऱ्या म्हणजे तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई. त्यांच्या नावाचा अर्थ 'झाडाचं पानही तोंडात न घालणारी' असा निघाला. (नाव लिहीत नाही, पत्र कुणाच्या हाती पडलं तर नवं भांडण.) बाई भरल्या अंगाच्या, आणि हातात तिसरं बिस्कीट. मी निव्वळ अभ्यासू वृत्तीने अर्थ सांगितला, पण बिस्कीट बशीत परत गेलं आणि दुसऱ्या दिवशी माझी उसवलेली पँट न शिवता परत आली.

मग समोरच्या बिऱ्हाडातली सून आली. थोरल्याने रात्ररात्र रडून जीव नकोसा केला होता, म्हणून धाकट्याचं नाव 'निशांत' ठेवायचं, म्हणजे शांत रात्र, असा तिचा हिशोब. मी म्हटलं, बाई गं, निशा अधिक अंत, रात्रीचा शेवट, म्हणजे पहाट! तिने तरीही तेच ठेवलं, आणि बाळ नावाला जागतंय, पार पहाटेपर्यंत. खापर मात्र माझ्यावर. तिच्या सासूबाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?" खरं तर विचारलं होतं.

परवा डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. बाकावर आम्ही आठ जण. नर्सबाईंनी एक नाव पुकारलं, नुसतंच, आडनावाशिवाय. कुणी उठेना. पुन्हा पुकारलं. मी शेजारच्या गृहस्थांना कौतुकाने म्हणालो, "जुन्या वळणाचं नाव आहे हं. अर्थ, सगळ्यांना हवाहवासा." ते म्हणाले, "मग कुठे तडमडलाय?" तिसरी हाक झाली आणि पुढच्या माणसाला आत घेतलं. होता होता बाक रिकामा झाला. तेव्हा नर्सबाई जवळ येऊन म्हणाल्या, "आजोबा, तुमचं नाव काय?" मी सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं.

ताई, कान ठणठणीत आहेत माझे. पण ऑफिसात आडनावाने निभलं, तुला मी छोट्याच, आणि घरात अडतीस वर्षं 'अहो'. ती हाक थांबून आता अकरा महिने झाले. इमारतीत मी 'चारशे चारवाले'. स्वतःचं नाव ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं, कुणीतरी चांगला माणूस असेल, येईल आता. घरी येऊन पुस्तकात 'अहो' शोधलं. (वेडेपणा, माहीत आहे.) 'अहिल्या'नंतर काहीच नाही. संध्याकाळी पाटी काढून आणली.

भावजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
छोट्या

ता. क. : उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशन येत्या गुरुवारी सकाळी नऊला. अगदी किरकोळ असतं म्हणे, काळजी करण्यासारखं काही नाही.

पुन्हा ता. क. : मागे तू 'येऊन राहू का?' म्हणालीस, तेव्हा मी ऐटीत 'कशाला?' म्हणालो होतो. ते विसर. दवाखान्याच्या फॉर्मवर 'रुग्णाजवळ थांबणाऱ्या व्यक्तीचं नाव' असा रकाना होता. तिथे तुला न विचारता तुझं नाव लिहून आलोय. पुढे 'नातं' म्हणून एक एवढासा चौकोन होता. गडबडीत त्यात नुसतं 'आहे' असं लिहिलं. नर्सबाईंनी वाचलं आणि शिक्का मारला.