एक पायरी खाली

प्रिय रत्ना,

सप्रेम जय भीम. फोन असताना ताईला पत्राचं काय सुचलं, म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. हे मीच टाईप केलं आहे. चुका सापडल्या तर हसून घे, पण शेवटपर्यंत वाच.

बीएचं शेवटचं वर्ष, तेव्हा परीक्षेची सोय आधीच लावावी म्हणून मागच्या आठवड्यात विद्यापीठाच्या दिव्यांग कक्षात गेले होते. तिथले बाबू माझ्याशी ओरडून बोलतात. मला दिसत नाही, ऐकू छान येतं, असं सांगितलं, तर तेवढ्याच जोरात ‘अच्छा अच्छा’ म्हणाले. मग रिता मॅडमकडे पाठवलं. त्यांनी लेखनिकाचं नाव विचारलं, मी तुझं सांगितलं. शिक्षण बारावी. मागच्या वर्षीही बारावीच होतं ना, म्हणाल्या. मी समजावलं, की लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा एक पायरी खाली शिकलेला लागतो, म्हणून बहीण बारावीवर थांबली आहे. त्यांनी तसं लिहून घेतलं. मला मात्र माझंच बोलणं ऐकून कसंतरी झालं.

घरी हे कोणालाच वावगं वाटत नाही. आई तर कौतुकाने सांगते, ‘दोघी बहिनी मिळून एक डिगरी घेऊन राहिल्या.’ चौदा एप्रिलला विहारात तुझा सत्कार झाला, शाल दिली, मोहाडीभर नाव झालं. मीही टाळ्या वाजवल्या. पण ती शाल म्हणजे तुला घातलेलं दावं आहे, असंही वाटत होतं. कोणी पुढच्या शिक्षणाचं काढलं, की तुझं ठरलेलं, ‘मले कायले शिकाचं हाय?’ हे म्हणणारी तूच, जी लहानपणी बाबांना पालथं झोपवून त्यांच्या पाठीत काडीने इंजेक्शन द्यायचीस आणि दोन दिवस आंघोळ करू नका म्हणून बजावायचीस. बारावीला सायन्स तू माझ्यासाठी घेतलं नव्हतंस.

परीक्षेत मी काही चुकीचं सांगितलं, की तुझं पेन थांबायचं. तू बोलायची काही नाहीस, नियमाची पक्की. पण ते थांबणं मला ऐकू यायचं आणि मी उत्तर पुन्हा तपासायचे. रिता मॅडमकडे एक कॉम्प्युटर आहे. तो प्रश्न वाचून दाखवतो आणि मी टाईप केलेलंही वाचून दाखवतो. परवा त्यावर सराव पेपर दिला. शेवटचा प्रश्न राहून गेला. एका उत्तरात राजाच्या जन्माआधीच मी त्याचं लग्न लावून दिलं, आणि त्या पठ्ठ्याने तेही जराही न अडखळता वाचून दाखवलं. त्याचं पेन थांबत नाही. मला भीती वाटते, रत्ना. खोटं कशाला सांगू?

लेखनिक किंवा कॉम्प्युटर, दोन्हींपैकी एकच मिळतं, आणि एकदा ठरलं की वर्षभर बदलता येत नाही. काल मी लेखनिक नको असं लिहून दिलं. तुला आधी विचारलं असतं, तर तू धान कापणी सोडून इथे येऊन बसली असतीस. भंडाऱ्याच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश शुक्रवारपर्यंत चालू आहेत. बाबांशी मी बोलले आहे, ते तुझ्यासोबत येतील. विहारात कोणी विचारलंच, तर सांग, ताईनेच मला काढून टाकलं. पेपर बिघडला तर माझा बिघडेल, आणि तो मला बिघडवू दे. बारावीवर थांबून आता तू माझ्या काहीच कामाची नाहीस. जा.

तुझीच,
खुशबूताई