डावीकडे वळताना

कोथरूड,
३ एप्रिल २०२५

चि. ऋचास अनेक आशीर्वाद.

वि. वि. गाडी नऊ लाख ऐंशी हजारांना पडली असं मी सोसायटीत सांगितलं आहे. तुला खरं सांगतो. नऊ ऐंशी मालकाला. नावावर करून घ्यायला आणि विम्याला मिळून बेचाळीस हजार. चारही टायर नवे घातले, कारण जुन्यांवर नक्षी शाबूत असली तरी बाजूला छापलेलं साल २०१६ होतं आणि रबर पापडासारखं कडक झालं होतं, त्याचे अठ्ठावन्न. शिवाय तुझ्या आईचा दीड दिवसाचा अबोला. बेरीज तू कर, तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे. अबोला कुठल्या खात्यात धरायचा ते मात्र मला सुचत नाही.

हे फोनवरही सांगितलं असतं. पण पाडव्याच्या आदल्या आठवड्यात आपण दोघं ज्या पट्टीत बोललो ती ऐकून तिने फर्मान काढलंय, की वर्कशॉप आणि गाडी हे दोन विषय आपण कागदावरच बोलायचे. कागदावर ओरडता येत नाही, असं तिचं म्हणणं. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, तिच्यापुढे कोण बोलणार! म्हणून हे पत्र दत्तोबाबरोबर, शुक्रवारच्या डब्याच्या पिशवीतून. फोरमन तुझा, राहतो आमच्या मागच्या गल्लीत. पाकिटाला मेथीचा वास आला तर समजून घे.

गाडी दोन सीटची, जर्मन बनावटीची, २००८ सालची. बटण दाबलं की छप्पर घडी होऊन मागे जातं. भाजी, बँक, दवाखाना याला आपली रोजची गाडी आहेच. ही फक्त हौसेची. तीन पाहिल्या. पहिलीला रंग नवा होता आणि दाराच्या आतल्या कडेला जुना रंग तसाच, म्हणजे कुठेतरी ठोकलेली. दुसरीच्या मालकाने मी पोचायच्या आत इंजिन गरम करून ठेवलं होतं. बॉनेटवर हात ठेवला आणि चहाही न घेता परत आलो. गार इंजिन कसं सुरू होतं ते ज्याला ऐकू द्यायचं नसतं, त्याच्याकडून काही घेऊ नये. तिसरी ही. डोळे मिटून पाच मिनिटं नुसती ऐकली. मालकाला वाटलं मला चक्कर आली. आवाज स्वच्छ. डॅशबोर्डच्या डाव्या टोकाची हवा यायची जाळी तेवढी तुटलेली होती, तिच्यापायी पाच हजार खाली आणले.

पाडव्याला पार्किंगमध्ये पूजा झाली. बॉनेट इतकं उतरतं की गणपतीची सुपारी त्यावर ठरेना. शेवटी आईने विड्याच्या पानावर ती आत, काचेपाशी ठेवली. मग छप्पर उघडून एक फेरी मारली, कर्वे पुतळ्यापर्यंत. परत आल्यावर पान होतं, सुपारी नव्हती. डॉक्टरांनी सुपारी सोडायला लावल्यापासून आईचा माझ्यावर विश्वास नाही. गणपती चघळणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला म्हणे. तुझी शपथ, मी खाल्लेली नाही.

तू वर्कशॉपची दुसरी किल्ली मागतेस. एकोणिसाव्या वर्षी लेथवर हेल्पर म्हणून लागलो, तेव्हापासून हा कान एकदाही चुकलेला नाही. ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी किल्ली डब्यातून येईल. हे लेखी देतो.

आई बरी आहे. चार नंबरच्या मशीनच्या स्पिंडलकडे लक्ष दे. बाकी माया आहे ती आहेच, तिला पत्राची गरज नाही.

तुझा,
अण्णा

*

खराडी,
१० एप्रिल २०२५

ती. अण्णांस ऋचाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र आणि मेथी, दोन्ही मिळाली. सोसायटीत कुणी फोटो टाकला असावा. काका टोपी घालून रोडस्टरमध्ये, असा मला तीन ठिकाणांहून आला. मेकॅनिक समाधानचा एक, माझ्या मैत्रिणीचा एक, आणि तिसरा खुद्द आईचा. अबोला दीड दिवसाचाच होता हे त्यावरून कळलं. गाडी देखणी आहे. पण त्यात दोघंच बसणार, म्हणजे मी आले की कुणीतरी घरी राहणार. ते तुम्ही नसाल हे ठरलेलंच आहे.

किल्लीचं मात्र गमतीवर नेऊ नका. मार्चमध्ये तुम्ही सकाळी सात वाजता येऊन चार नंबर बंद केलंत, तेव्हा कोल्हापूरची पार्टी केबिनमध्ये बसली होती. बाहेर मशीन बंद का, हे त्यांनी विचारलं आणि मला उत्तर माहीत नव्हतं. मालक मी आणि मला माहीत नाही! तेव्हापासून ऑपरेटर माझं ऐकतात, हो म्हणतात, आणि मग दत्तोबांकडे बघतात. दत्तोबा संध्याकाळी तुमच्याकडे. चौदा माणसं आहेत, अण्णा. दोन मालकांची झाली तर ती कुणाचीच राहणार नाहीत. मला तुमचा हेवा किंवा राग नाही. मला फक्त माझं वर्कशॉप हवंय, जे तुम्हीच मला दिलंत.

तुमचं पत्र फाइलला लावलं आहे. लेखी दिलंय, लक्षात असू द्या. आईच्या गुडघ्यांना जपा. तुमच्या ओरडण्याचीही आठवण येते, पण कधीकधीच.

आपली,
ऋचा

*

कोथरूड,
१९ जून २०२५

चि. ऋचास आशीर्वाद, आणि दत्तोबाला सांग की पिशवी आडवी धरू नको.

गाडीचं सुख काय असतं ते आता कळतंय. पहाटे साडेपाचला चांदणी चौकातून पिरंगुटकडे जायचं, छप्पर उघडं, रस्त्यात दूधवाले आणि मी. चौथ्या गिअरमध्ये ती असा सूर धरते की मला बासष्टाव्या वर्षी गाणं शिकावंसं वाटतं. दुःख एकच, स्पीडब्रेकर. कोथरूडात प्रत्येक माणसाने आपापल्या दारापुढे एक घातलाय असं वाटतं. मी ते तिरके ओलांडतो, तेव्हा मागची रिक्षा काय बोलते ते मला कागदावर लिहिता येणार नाही.

आई तीनदा आली. बसते राणीसारखी, उतरणं हा सोहळा असतो. पहिल्यांदा मी हात धरून ओढलं, दुसऱ्यांदा मी आणि वॉचमन. तिसऱ्यांदा शेजारच्या वल्लरीवहिनींनी गॅलरीतून विचारलं, की खुर्ची टाकू का. तुझ्या मातोश्री मंदाकिनीबाईंनी सीटवरूनच उत्तर दिलं, की नको, आमच्या ह्यांनी सोफा म्हणून दहा लाखांचा पाट आणलाय, त्यावरच बरी आहे.

आता मूळ मुद्दा. गाडीला आवाज आहे. डावीकडे वळलं की टक. एकदाच, कोरडा, सुकलेला. उजवीकडे वळताना नाही, सरळ जाताना नाही. आधी वाटलं पुढच्या चाकाचा रबरी बुश. बदलला. मग मागच्या एक्सलचा जॉइंट. तोही बदलला, भाग जर्मनीहून यायला अठरा दिवस. टक आहेच. समाधान म्हणतो त्याला काही ऐकू येत नाही. त्याच्या गॅरेजमध्ये दिवसभर रेडिओ चालू असतो, त्याला काय ऐकू येणार? माझ्या कानाने निकाल दिलाय, गिअरबॉक्स. पुढच्या महिन्यात उतरवतो.

चार नंबरचं काय केलंस? दत्तोबा हल्ली काही सांगत नाही. तू त्याला काय खाऊ घातलंस?

गाडी आवाज करते, मी करत नाही, एवढं तुझ्या लक्षात यावं.

अण्णा

*

खराडी,
४ जुलै २०२५

ती. अण्णांस नमस्कार.

थोडक्यात लिहिते, सोमवारी ऑडिट आहे. दत्तोबांना मी काही खाऊ घातलं नाही. त्यांना एक वही दिली. कुठलं मशीन, कुठली तारीख, काय वेगळं वाटलं, एवढंच त्यात लिहायचं. आता सगळे लिहितात. परवा आम्रपालीने, म्हणजे नवीन ऑपरेटर, तिने लिहिलं की दोन नंबर दुपारनंतर गरम होतं. ती आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

गिअरबॉक्स उतरवायच्या आधी मला एकच सांगा. टक नेमकी कुठल्या तारखेपासून? घेताना नव्हती, हे तुम्हीच लिहिलंय.

आईला सांगा, शेंगदाण्याची चटणी संपली. लोभ तसाच असू द्या, चटणीसकट.

ऋचा

*

कोथरूड,
११ सप्टेंबर २०२५

चि. ऋचास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. गिअरबॉक्स उतरवला. समाधानने तो माझ्यासमोर उघडला, पुसला, पुन्हा बसवला. मजुरी आणि सामान मिळून चौऱ्याहत्तर हजार. गाडी गॅरेजमधून बाहेर काढली, डावीकडे वळलो, टक.

तारीख विचारतेस. मी तारखा ठेवत नाही, कान ठेवतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कधीतरी.

मी घाबरलो, हे तुलाच सांगतो. मला वाटलं आवाज गाडीत नसून माझ्या डोक्यात आहे. आईला न सांगता सदाशिव पेठेत कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी हेडफोन घालून बसवलं, तासभर शिट्ट्या वाजवल्या, आणि म्हणाले की वयाच्या मानाने उत्तम आहे. वयाच्या मानाने! मग एक दिवस आईला शेजारी बसवून डावीकडे वळलो. तिने पुस्तकातून मान वर न करता सांगितलं, की टक झालं. तेव्हा जिवात जीव आला. पण मग इतके दिवस मी ऐकून चुकीचंच सांगत होतो, हे जास्त वाईट.

किल्ली देत नाही ती हट्टाने नाही गं. सकाळी सहाला उठतो आणि घरात ऐकण्यासारखं फक्त फ्रिज असतो. त्यालाही काही झालेलं नाही. तिकडे चौदा मशीनं एकमेकांशी बोलत असतात आणि मी इथे. किल्ली खिशात असली की वाटतं, मनात आलं तर जाता येईल.

खराडीतल्या एका कंपनीतला अभिनव म्हणून मुलगा गाडी बघून गेला. साडेआठ देतो म्हणतो. दसऱ्यानंतर नेईल. आवाजाचं मी त्याला आधीच सांगितलं. लपवून विकायचं तर गरम इंजिनवाल्यात आणि माझ्यात फरक काय?

तुझी आठवण येते, हे ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

अण्णा

*

खराडी,
१८ सप्टेंबर २०२५

ती. अण्णांस ऋचाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आधी तुमची बाजू. चार नंबरचं स्पिंडल बेअरिंग आम्ही ऑगस्टमध्ये बदललं. उघडल्यावर आतल्या कडीला केसाएवढी चीर निघाली. मार्चमध्ये ती कुठल्याच मीटरवर दिसली नव्हती. तुम्ही दारातून ऐकली होती. हे मला आधीच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आला असतात. हा माझा खोटेपणा झाला, तो कबूल करते.

आता माझी बाजू. काल रात्रीचं जेवण झाल्यावर तुमची पत्रं फाइलमधून काढून पहिल्यापासून वाचली. कान ठेवणाऱ्या माणसाने तारखा ठेवल्या नसतील, पण लिहिल्यात. पाडव्याआधी पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलेली गाडी स्वच्छ होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून टक. मधल्या काळात गाडीत नवीन काय झालं? टायर. आणि पूजा. टायर डावं-उजवं बघत नाहीत. म्हणून पहिलं पत्र परत वाचलं. काचेपाशी पानावर ठेवलेली सुपारी. फेरी मारून आल्यावर पान आहे, सुपारी नाही. आणि त्याच पत्रात, चार ओळी वर, डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला तुटलेली जाळी, जिच्यापायी तुम्ही पाच हजार वाचवलेत.

मला वाटतं तुम्ही ती खरंच खाल्लेली नाही.

अभिनवला गाडी द्यायच्या आधी समाधानकडून डॅशबोर्ड खोलून घ्या. चुकले असेन तर किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, मी पुन्हा विषय काढणार नाही. लेखी देते.

आपल्या दोघांवर आईचा लोभ आहे, आपण तो पुरवून वापरू.

ऋचा

*

कोथरूड,
३ ऑक्टोबर २०२५

चि. ऋचास अनेक आशीर्वाद.

वि. वि. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये मशीनांची पूजा नेटकी झाल्याचं दत्तोबाने सांगितलं. आम्रपालीने चार नंबरला हार घातला हेही सांगितलं. ते ऐकून मला जे वाटलं ते कागदावर मावत नाही, तेव्हा राहू दे.

इकडे त्याच दिवशी समाधानने डॅशबोर्ड खोलला. आई स्टूल टाकून समोर बसली होती. तो नळीत हात घालून बराच वेळ चाचपडत होता, आणि मी त्याला बाहेरून सांगत होतो, की तिथे काही असणं शक्य नाही, माझ्या कानाला आवाज स्टिअरिंगच्या बाजूने येतो. बरोबर येत होता. हवेची नळी डावीकडून थेट स्टिअरिंगपर्यंत जाते. डावीकडे वळलं की आतली वस्तू घरंगळत उजव्या टोकाला आपटते. डाव्या टोकाला स्पंजची गादी आहे, म्हणून परत येताना आवाज नाही. समाधानने मूठ उघडली. आईने आधी हात जोडले आणि मग माझ्याकडे बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने माझी माफी मागितली, आणि त्याच दमात म्हणाली, की गणपतीला सहा महिने असं गडबडा लोळवल्याचं पाप अर्थातच माझ्याच नावावर. विसर्जन आम्ही दोघांनी मुठेत केलं. जाताना-येताना डावीकडे अकरा वळणं लागली. मी मोजली. एकदाही काही वाजलं नाही.

अभिनवला नाही म्हणून कळवलं आहे. गाडी राहणार. जाळी नवीन बसवली, तिचे सातशे वीस.

आई म्हणते, तू म्हणालीस की दर गुरुवारी दहा ते बारा मी येऊन मशीनं ऐकायची आणि जे ऐकलं ते वहीत लिहायचं, बोलायचं नाही. दत्तोबाच्या खालच्या ओळीत, तारखेसकट. मान्य आहे. दाराची बेल वाजवून येईन. तेवढं दार उघड.

पुढच्या पिढीवर लोभ करायला काही पुरावा लागत नाही, पण तू दिलास, म्हणून थोडा जास्त.

तुझा,
अण्णा

ता. क. किल्ली डब्याच्या खालच्या कप्प्यात आहे, श्रीखंडात पडू नये म्हणून वेगळ्या पुडीत. चौऱ्याहत्तर हजार घालून उतरवलेल्या गिअरबॉक्सला पहिल्यापासून काहीही झालेलं नव्हतं.