माझ्याच स्मरणिकेचा आधार

मंगळवार, दिवेलागण

नेटवरच्या विश्वकोशातला आमच्या पेठेचा लेख तपासला. पेठ आमच्याच मूळपुरुषाने वसवली, असं त्यात होतं. आधार काय, तर जत्रेची स्मरणिका. कपाटातून काढून पाहिली, तर तो मजकूर माझाच! वडील सांगायचे तेच ठोकून दिलेलं, कागद एकही न पाहता.

लेखातलं ते वाक्य खोडलं. लेखावर चुलतभावाचीही नजर असते; लगेच त्याचा फोन.

"आवं दादा, आपल्याच घराण्याला खोडताय व्हय? मग जत्रंत पहिल्या नारळाचा मान कुणाचा?"

"जुना कागद आण गड्या, लगेच परत लिहितो."

फोन आपटला त्यानं. आपटू दे! नववीत शाळा सुटली माझी, पण विश्वकोशात दुसऱ्यांची नुसत्या स्मरणिकेच्या आधारावरची वाक्यं मीच खोडत आलो. माझी स्मरणिका काय सोन्याची?

वडील असते तर चिडले असते. तरी मी खोडलंच असतं.