साठावं गिऱ्हाईक

आदरणीय व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. तुमच्या गुडघ्याची चौकशी पहिल्याच ओळीत करून ठेवतो, कारण माझं पत्र एकदा भरकटलं की गुडघा राहून जाईल आणि विहीणबाई म्हणतील, चार पानं लिहिली पण दुखणं विचारलं नाही. तर गुडघा कसा आहे? जिना चढताना कळ येते की उतरताना? (चढताना येत असेल तर काळजी नाही, असं आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं मत आहे. उतरताना येत असेल तर काय, ते त्याने सांगितलं नाही, आणि तेव्हापासून मला उतरताना येते.) विहीणबाईंना नमस्कार. इकडे ही बरी आहे, चिरंजीव बरे आहेत. मी बरा नाही, पण आजारीही नाही.

पत्राचं कारण असं की रविवारी सूनबाई दोन दिवसांसाठी तुमच्याकडे येते आहे. माझ्याबद्दल ती एक शब्द बोलणार नाही, तुमची मुलगी तशी नाही. पण तुम्ही बाप आहात. चेहरा बघून विचाराल, ती "काही नाही" म्हणेल, आणि त्या "काही नाही"चा तुम्ही काय अर्थ लावाल या विचाराने कालपासून मी एकच स्क्रू बसवतोय आणि काढतोय. तेव्हा माझ्या बाजूने जे झालं ते आधीच कळवतो.

सूनबाईने ऑफिस सोडून मधल्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. काम असं, की एखाद्याचा धंदा लोकांना फोनवर सापडेल असा करून द्यायचा. माझ्या समजुतीप्रमाणे (सातवीत शाळा सुटली, तेव्हा समजूत तेवढीच धरा) लोक आता माणसांना काही विचारत नाहीत, फोनला विचारतात. शिलाई मशीन कुठे दुरुस्त होईल असं विचारलं की फोन दहा-बारा दुकानांची नावं ओळीने दाखवतो. वरच्या दोन-तिघांकडे सगळे जातात, खालच्यांनी माशा मारायच्या. आणि कोण वर, कोण खाली हे ठरवायला मागे कोणी माणूस बसलेला नाही, हे सूनबाईने मला चार वेळा सांगितलं, कारण चारही वेळा मी त्याला भेटायला निघालो होतो.

नव्या धंद्याला पहिलं गिऱ्हाईक लागतं, ते तिने मला धरलं. माझं दुकान तुम्ही पाहिलंच आहे. झेरॉक्सवाला आणि जिना यांच्या मधली नऊ फुटांची जागा, भिंतीवर खिळ्यांना पट्टे टांगलेले, फळीवर बॉबिनचे डबे, आणि एका माणसाने आत यायचं तर दुसऱ्याने श्वास आत घ्यायचा. एक्केचाळीस वर्षं तिथे बसतोय, पण दुरुस्तीवाला शोधला तर फोनवर मी सातवा. आता वर्गात मी शेवटून सातवा असायचो, त्या हिशेबाने मला ते बरंच वाटलं, पण सूनबाईने हनुवटीला हात लावून "बाबा, हे चालायचं नाही" म्हटलं आणि मला घोर लागला. मी दर तासाला फोनला विचारू लागलो, मशीन कुठे दुरुस्त होतं. तीन दिवसांत मी पहिला आलो! हिला हाक मारली, गल्लीत दोघांना दाखवलं. संध्याकाळी सूनबाई म्हणाली की तुम्ही तुमच्याच फोनवर तुम्हालाच शोधता, फोनला तुमची सवय झाली आहे, तो तुमचं मन राखतो. (एवढी माया घरात कोणी केली नाही, पण ते असो.) मग मी झेरॉक्सवाल्याच्या फोनवर बघितलं, न्हाव्याच्या फोनवर बघितलं, आणि बसथांब्यावरच्या एका अनोळखी गृहस्थाला थांबवून त्याच्या फोनवर बघितलं. तिथे मी चौथा होतो. गृहस्थांना चहा पाजला. त्यांची बस गेली.

मधे फोटोंचं प्रकरण झालं. "बाबा, काम करताना हसा" म्हणाली. एकटा माणूस पेचकस घेऊन हसत बसलेला दिसला तर मुलं सोडा, लोक मशीनसुद्धा पाठवणार नाहीत. मग तिने नुसत्या हातांचा व्हिडिओ काढला. मशीनच्या पोटातला पाच वर्षांचा कचरा चिमट्याने ओढून काढतोय, एवढंच. तो अकरा हजार लोकांनी पाहिला. मला जेवण जाईना. एवढे लोक दिवसाढवळ्या दुसऱ्याच्या मशीनमधला कचरा बघतात तर यांच्या घरी कोणी काही बोलत नाही का? ही म्हणाली, "अकरा हजार लोकांनी तुमची नखं पाहिली. मी लग्न झाल्यापासून सांगतेय." तेव्हापासून नखं कापतो.

पण व्याहीबुवा, तुमच्या मुलीने करून दाखवलं. आमच्या दुकानात काय काय दुरुस्त होतं ते तिने शंभर प्रकारे लिहिलं, जुन्या गिऱ्हाइकांना गाठून त्यांच्याकडून चार शब्द लिहून घेतले, आणि दोन महिन्यांत, न्हाव्याच्या फोनवरसुद्धा, आम्ही पहिले! फोन सकाळपासून वाजू लागला. त्याच सुमारास तिला गादीवाल्या बाई भेटल्या. त्यांचा गाद्या-उशांचा मोठा कारखाना आहे, तीन दुकानं आहेत. बाई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "आधी सासऱ्याचं दुकान चालवून दाखव. या महिन्याअखेर फोनवर शोधून आलेली साठ माणसं त्याच्या दारातून आत गेलेली दाखव, मग वर्षभराचं काम तुझं." ते काम मिळालं तर मधली खोली चालू राहील. नाही मिळालं तर सूनबाई परत त्या ऑफिसात जाईल, दोन बस बदलून, उजाडायच्या आत.

आता माझा गुन्हा. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत दोनशे फोन आले आणि माणसं आली नऊ. सूनबाईला कोडं सुटेना. एका सकाळी ती दुकानात माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसली. फोन वाजला. बाईंचं मशीन दोरा तोडत होतं. मी विचारलं, खालची बॉबिन काढून बघा, दोरा गुंतलाय का? गुंतला होता. काढा, फुंकर मारा, परत बसवा. चाललं! बाईंना आनंद, मला आनंद. दुसरा फोन, पट्टा घसरत होता. त्यालाही फोनवरच उपाय सांगितला. तिसरा फोन ठेवून मी वर बघितलं तर सूनबाई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी दुकानाला आतून काडी लावतोय. तिने लोकांचे अभिप्राय वाचून दाखवले. "काकांनी फोनवरच दुरुस्त केलं, जायची गरजच पडली नाही, पाच तारे." "दुकान कुठे आहे माहीत नाही, पण उत्तम आहे, पाच तारे."

"बाबा," ती म्हणाली, "डॉक्टर फोनवरून ऑपरेशन करतो का?"

मी म्हटलं, सर्दीसाठी ऑपरेशन कशाला?

तिने पुठ्ठ्यावर एक वाक्य लिहून फोनच्या वर टांगलं, "मशीन घेऊन या, बघून सांगतो." एवढंच बोलायचं. मी शब्द दिला आणि पाळला. दुपारी एका बाईंचा फोन, चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट बंद, लोखंडी स्टँडचं मशीन, आणि उद्या सकाळी वीस गणवेश द्यायचे आहेत. मी पुठ्ठा वाचला. त्यांनी पत्ता लिहून घेतला. मी फोन ठेवला, डबा उघडला, डबा मिटला, त्यांना परत फोन लावला. गणवेश झाले. पण तसं सगळ्यांशी केलं नाही. काळजावर दगड ठेवून पुठ्ठा वाचत राहिलो आणि माणसं येऊ लागली. वीस, तीस, पंचेचाळीस, अठ्ठावन्न. मग परवा एक म्हातारा शिंपी (माझ्याहून म्हातारा, म्हणजे विचार करा) मशीन खांद्यावर घेऊन आला. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. बिघाड अर्ध्या मिनिटाचा, फोनवर सांगता आला असता. त्याने जाताना माझे हात हातात घेतले. शरमेने मला तोंड लपवायला जागा पुरेना. याला मी मार्केटिंग म्हणत नाही, हमाली म्हणतो, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या खांद्यावर.

त्यानंतर पुठ्ठा उलटा करून टांगला आणि येईल त्या फोनला खरं ते सांगत बसलो. गाडी एकोणसाठवर थांबली. काल सूनबाईला सगळं कबूल केलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने लॅपटॉप मिटला, वाटाणे सोलायला घेतले, आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात तसेच राहा. मी बघते काय करायचं ते." वाटाणे अर्धा किलो होते, एकही खाली पडला नाही. इतकी शांत ती.

एवढंच सांगायचं होतं. तुम्ही तिला हुशार वाढवलीत. तिच्या कामात खोट नव्हती, खोट गिऱ्हाइकात होती, ते गिऱ्हाईक मी. तिने "काही नाही" म्हटलं तर हे समजून घ्या आणि तिला जरा हसवून पाठवा. गुडघ्याला जपा.

आपला,
मशीनवाला व्याही

ता.क. गुडघ्याला मी मशीनचं तेल लावून पाहिलं. उपयोग नाही, आणि चादर गेली.

ता.क. २. खरं तर हे वर लिहायचं होतं, पण धीर झाला नाही. परवा विहीणबाई सूनबाईला फोनवर सांगत होत्या की तुमचं मशीन टाके गाळतं. (मी मुद्दाम ऐकलं नाही, फोन स्पीकरवर होता आणि आमची भिंत पातळ आहे.) तर मंगळवारी सूनबाईला पोचवायला तुम्ही याल तेव्हा मशीन घेऊन याल का? बुधवारी महिना संपतो आणि एकच माणूस कमी आहे. फक्त घरून निघताना फोनला विचारा, मशीन कुठे दुरुस्त होतं. तो माझं नाव दाखवेल, त्याखाली रस्त्याचं बटण आहे ते दाबा (मोजणी त्यावरूनच होते), आणि नऊ वर्षं येताय तरी बटण सांगेल त्याच रस्त्याने या. ही लबाडी नाही, मशीन खरोखर बिघडलेलं आहे. रिक्षातून आणा, खांद्यावर नको. दारातून आत या, मी गिऱ्हाईक म्हणूनच बोलेन, राग मानू नका.

ता.क. ३. पत्र चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. टाके गाळतं म्हणजे बहुतेक सुई उलटी बसली आहे. दोरा ज्या बाजूने ओवता तिच्या विरुद्ध बाजूला सुईची चपटी बाजू हवी. स्क्रू सैल करा, सुई फिरवा, वर टेकेपर्यंत सरकवा, घट्ट करा. गुडघा दुखत असताना एवढं ओझं कशाला आणता? चाललं तर मला दोन ओळी टाका, म्हणजे जिवाला घोर नको. फक्त सूनबाईला कळू देऊ नका.